हवेतलं टेबल

व्हीआर हेडसेट घ्यायला येणारं गिऱ्हाईक हल्ली सगळं शिकूनच येतं. चार व्हिडिओ बघायचे आणि शनवारा चौकातल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात येऊन मलाच परीक्षेला बसवायचं. भैया, रिझोल्यूशन किती? रिफ्रेश रेट किती? माझ्या ग्राफिक्स कार्डवर चालेल का? मी घसा कोरडा करून सांगतो, ते मान डोलावतात, माझा चहा पितात आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतात. डोक्याला ताप नुसता. पण पहिलाच हेडसेट घेताना 'याच्यात घाम येतो का?' असं मला आजवर एकाच माणसाने विचारलं. महाजन सरांनी.

सर आमच्या शाळेत पी.टी. शिकवायचे. आता ते नाहीत. पण दुकानात कोणी तो डबा डोळ्यांवर बांधला, समोरची खोली नाहीशी होऊन दुसरंच जग दिसायला लागलं, आणि त्याने घाबरत एक पाऊल पुढे टाकलं, की माझ्या तोंडून आपोआप निघतं, 'पहिले पाय, मग हात!' गिऱ्हाईक चमकून माझ्या दिशेला वळतं. वळू दे.

हे वाक्य सरांचं. ते मूळचे जवळच्या फोपनार गावचे, घरची केळीची शेती. ती भावावर सोपवून सर बुधवारा मोहल्ल्यात राहायला आले आणि सायकलवरून शाळेत यायचे. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, मळले की त्यावर फळ्याचा खडू घासायचा. मानेवर ओला रुमाल. गळ्यात शिट्टी, पण ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. 'शिट्टी ढोरांसाठी असते, पोरांसाठी नाही,' म्हणायचे आणि टाळी वाजवून बोलवायचे. मग शिट्टी गळ्यात कशाला घालता, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

शाळेत टेबल टेनिसचं टेबल नव्हतं. सरांनी प्रयोगशाळेतली दोन जुनी टेबलं जोडली, मधली फट मेणाने बुजवली आणि पॉवरलूमवरून मांजरपाटाची पट्टी आणून नेट म्हणून दोन विटांमध्ये ताणली. झालं आमचं स्टेडियम. त्या फटीवर चेंडू पडला की तो कुठे उडेल ते देवालाही ठाऊक नसायचं. बाहेरच्या शाळेची पोरं आमच्याकडे येऊन हरायची ती या फटीपायी, असं माझं पक्कं मत आहे. सरांना ते बिलकुल मान्य नव्हतं.

मला खेळ जमला नाही. माझे पाय एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे. सरांनी काही दिवस बघितलं आणि म्हणाले, "तुझे डोळे चांगले आहेत रे. पाय राहू दे. तू स्कोर मांडत जा." तेव्हापासून मी स्कोरर. माझं नाव पंकज आहे, हे सरांना माहीत असावं, पण त्यांच्या तोंडून ते मी कधी ऐकलं नाही. दुकान टाकलं, लग्न झालं, डोक्यावरचे केस गेले, तरी रस्त्यात दिसले की हाक तीच, "काय रे स्कोरर!"

बॅट निवडायची त्यांची एक रीत होती. पोराने डोळे मिटून बॅट हातात धरायची आणि नुसतं उभं राहायचं. सर मग भलतंच विचारत बसायचे. काल भाजी कसली होती? ताप्तीला पाणी किती आलंय? बोलता बोलता हातात बॅट आहे हे पोरगा ज्या बॅटच्या वेळी विसरला, ती बॅट त्याची. "जी वस्तू सारखी आपली आठवण करून देते ना, ती आपली नसते," असं सांगायचे. आम्हाला ते कळायचं नाही, पण बॅटा बरोबर निघायच्या.

परीक्षा जवळ आली की गणिताच्या मॅडम पी.टी.चा तास मागायला यायच्या. सर एकदम गोड बोलायचे. "घ्या ना मॅडम, खुशी से घ्या. फक्त गणिताच्या पेपराला पोरं माझ्याकडे पाठवा, जरा धावायला." मॅडमनी पुन्हा तास मागितला नाही. पुढे त्यांची कंबर धरली, तेव्हा मात्र त्या मुकाट्याने सरांकडेच व्यायाम शिकायला आल्या, आणि सरांनी एका शब्दाने टोमणा मारला नाही. माझ्यासारखा असता तर सोडला नसता.

पण महाजन सर म्हटलं की गावाला आठवतं ते केळं. मॅच संपली की दोन्ही खेळाडूंनी टेबलापाशीच थांबायचं. सर पिशवीतून फोपनारच्या मळ्यातलं एक केळं काढायचे. जिंकला असेल त्याने ते सोलायचं, मधे मोडायचं आणि अर्धं हरलेल्याच्या हातात द्यायचं. दोघांचं खाऊन होईस्तोवर मॅचबद्दल चकार शब्द काढायचा नाही. नवीन पोरं आधी फिदीफिदी हसायची. पण तोंडात केळं असलं की माणसाला भांडता येत नाही, हे आम्ही डोळ्यांनी बघितलेलं आहे. खंडव्याची टीम एकदा आमच्याशी हाणामारीला आली होती, तीसुद्धा केळं खाऊन गेली.

दुसरं म्हणजे मोकळा हात. टेबल टेनिसमध्ये ज्या हातात बॅट नाही तो मोकळा हात खेळ चालू असताना टेबलाला टेकला, की पॉइंट समोरच्याचा. नियम साधा आहे, पण शाळेच्या खेळात तो कोण पाळतो? आमच्या सरांकडे मात्र त्यात माफी नव्हती. "हात लागला. पॉइंट पलीकडे." एवढंच म्हणायचे, आवाज न चढवता. तुम्ही कितीही शपथा घ्या.

याच नियमाने सरांच्या घराचं वाटोळं केलं, असं बुधवाऱ्यातले काही लोक अजून म्हणतात. वाटोळं हा शब्द फार मोठा झाला. पण व्हायचं ते झालं खरं.

निशांत हा सरांचा एकुलता एक मुलगा, माझ्या दोन वर्ग मागे. पोरगा काय खेळायचा! फटीवर पडलेला चेंडूसुद्धा उचलायचा. शाळेत तो बापाला 'सर' म्हणायचा आणि घराचा उंबरा ओलांडला की 'पप्पा'. संध्याकाळी शाळा सुटल्यावर बापलेक दोघंच खेळत, आणि काकू, म्हणजे निशांतची आई, दोघांची ताटं वाढून वाट बघत. त्या मला म्हणायच्या, "त्या टेबलाच्या लाकडालाच वरणभात वाढून येते आता."

जिल्ह्याची फायनल आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये होती. जो जिंकेल तो संभागाच्या, म्हणजे चार-पाच जिल्ह्यांच्या, टीममध्ये. ठरलेले पंच आलेच नाहीत. समोरच्या शाळेचे सर स्वतः म्हणाले, "महाजन सर, आप ही बैठिए. आप पे भरोसा है." सर नको नको म्हणत होते, पण बसले. मी बाजूला स्कोर मांडायला. शेवटचा गेम अटीतटीचा चालला होता. निशांतला एक पॉइंट हवा होता, फक्त एक. नेटपाशी आखूड चेंडू आला, निशांत पूर्ण वाकला, मारला, चेंडू पलीकडे पडून गेलासुद्धा. हॉल नुसता दणाणला. पोरं टेबलाकडे धावली.

सरांनी हात वर केला. "हात लागला. पॉइंट पलीकडे."

समोरच्या पोराने काही बघितलं नव्हतं. त्याच्या सरांनी नाही. मी दोन हात अंतरावर बसलो होतो आणि मला दिसलं नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. निशांत सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "नाही लागला, पप्पा."

शाळेत त्याने त्यांना पप्पा म्हटलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं.

सर म्हणाले, "लागला. खेळ पुढे." पुढचे पॉइंट निशांतने गमावले, म्हणजे तो खेळलाच नाही. मॅच गेली. जिंकलेल्या पोराने केळं मोडलं आणि अर्धं पुढे केलं. निशांतने बॅट टेबलावर ठेवली आणि तो हॉलबाहेर निघून गेला. ते अर्धं केळं तसंच टेबलावर राहिलं. आम्ही नेट सोडलं, विटा उचलल्या, खुर्च्या लावल्या. ते कोणी खाईना आणि कोणी फेकेना. संध्याकाळपर्यंत पार काळं पडलं. शेवटी सरांनी ते रुमालात बांधून घरी नेलं.

गावाला विषय मिळाला. अर्धा बुधवारा म्हणाला, बाप असावा तर असा. उरलेला अर्धा म्हणाला, बाप आहे का कसाई. सर रोजच्यासारखे सायकलवरून शाळेत येत राहिले. त्यांच्याशी वाद घालायला मीही गेलो होतो. मला म्हणाले, "स्कोरर, मला दिसलं ना रे. दिसलं ते नाही दिसलं असं कसं करू?"

निशांत पुन्हा बापासमोर टेबलाला उभा राहिला नाही. घर सोडून गेला, भांडला, असलं काही नाही. शिकला, पुण्याला कंपनीत लागला, सणावाराला यायचा, पाया पडायचा. फोन रोज करायचा, पण आईला. शेवटी काकू फोन सरांकडे द्यायच्या. "जेवले का?" "जेवलो. तू?" "हो." बस. एवढ्यावर त्यांची वर्षं गेली. मला कधी कधी वाटायचं, दोघांना एका खोलीत कोंडावं आणि बाहेरून कडी घालावी.

तर अशा माणसाने रिटायर झाल्यावर एका दुपारी माझ्या दुकानात येऊन विचारलं, "काय रे स्कोरर, तो डोळ्यांवर बांधायचा डबा मिळतो का तुझ्याकडे? याच्यात घाम येतो का?"

मला वाटलं सरांना ऊन लागलं. मी पाणी दिलं. मग हळूहळू कळलं. निशांत पुण्यात एकटा राहतो आणि शनिवारी संध्याकाळी डोळ्यांवर ते बांधून कॉम्प्युटरवर टेबल टेनिस खेळतो, असं त्याने काकूंना फोनवर सांगितलं होतं. काकूंनी ते जेवताना सहज सांगितलं. सरांचा घास हातातच राहिला.

"तो पुन्हा खेळू राह्यला, स्कोरर," सर म्हणाले. "मला वाटलं होतं सोडलं त्याने. माझ्यामुळे सोडलं." आणि एवढं बोलून ते काउंटरवरच्या माउसशी खेळत बसले. मी सरांना इतक्या वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "त्याच्याकडे कुठला हेडसेट आहे ते फोन करून विचारा. तोच घेऊ."

"त्याला विचारायचं नाही."

"अहो सर, पण का?"

"तयारी नसताना टेबलावर जायचं नाही. पहिले मी खेळून बघतो. हात चालला तर सांगू. नाही चालला तर त्याला कायले त्रास?"

मग सुरू झाला माझा वनवास. मी समजावलं, की गेम एकच असला म्हणजे झालं, हेडसेट वेगळा असला तरी दोघं एकत्र खेळू शकतात. काही हेडसेट एकटेच चालतात, कॉम्प्युटर लागतच नाही, ते स्वस्तात पडेल. सरांनी विचारलं, "निशांत कशावर खेळतो?" म्हटलं, पीसीवर. "मग आपणही पीसीवर. खेळ बरोबरीचा पाहिजे." झालं. म्हणजे चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा नवीन कॉम्प्युटर आला.

हेडसेट मी इंदूरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून तीन तऱ्हेचे मागवून घेतले, बघायला. पहिला जाड वायरने कॉम्प्युटरला बांधलेला. सरांनी तो डोक्यावर चढवला, गोल फिरले आणि वायर पायांत आली. "हे तर खुंट्याला बांधल्यासारखं झालं," म्हणाले. काढून ठेवला. दुसऱ्याला भिंतीच्या कोपऱ्यांत दोन छोटे डबे लावावे लागतात, ते तुमच्या हातांकडे लक्ष ठेवतात. तो अचूक असतो, मी त्याचीच शिफारस करत होतो. सर मान वर करून त्या डब्यांकडे बघत राहिले. "पंच बसवले का रे दोन?" आणि मग हळूच, "नको. घरात पंच नको आता." मी ते डबे काढून खोक्यात घातले.

तिसऱ्याला कॅमेरे पुढच्या अंगालाच असतात आणि तो बिनवायरचा कॉम्प्युटरला जोडता येतो. त्याचं वजन सगळं नाकावर येत होतं. मी मागे जड पट्टा लावून दिला, तेव्हा तोल सावरला. चष्म्यासाठी आत जागा करून दिली, डोळ्यांमधल्या अंतराप्रमाणे भिंगं सरकवली. सुरुवातीला सरांना गरगरलं. मी चित्र सेकंदाला जास्त वेळा बदलेल असं करून दिलं, मग चेंडू त्यांना सलग दिसायला लागला. घामाचा प्रश्न होताच. तोंडाला लागणारा स्पंज बदलून पुसता येणारी गादी बसवली.

आणि मग सरांनी काय करावं? हेडसेट डोक्यावर, दुकानाच्या मधोमध, त्यांनी सूर्यनमस्कार घातले. प्रिंटरची शाई घ्यायला आलेली बाई दारातच थांबली. समोरचा जलेबीवाला झारा हातात घेऊन बघायला आला. मी खाली मान घालून उभा. सूर्यनमस्कार घालता घालता सर मला विचारतात, "तुझी आई कशी आहे? गुडघा बरा आहे का?" मी म्हटलं, बरा आहे. "आणि फोपनारकडचा रस्ता झाला का?" म्हटलं, चाललंय काम. मग एकदम ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "हां. विसरलो मी हे डोक्यावर आहे ते. हाच दे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मघापासून ते बॅट निवडत होते.

घरी बसवायला मीच गेलो. काकूंनी बैठकीतला दिवाण बाहेर काढला होता. गेममध्ये खेळायच्या जागेभोवती निळ्या रेषांची जाळी दिसते, म्हणजे माणूस भिंतीवर आपटत नाही. पण बाहेरच्याला ती कशी दिसणार? म्हणून काकूंनी फरशीवर रांगोळीची चौकट काढली, कोपऱ्यांत फुलं काढून. "याच्या आत कोणी यायचं नाही," असं त्यांनी कामवालीला बजावलं.

पहिल्याच दिवशी सरांची तक्रार. "टेबल उंच आहे."

"नाही सर. नियमाप्रमाणेच असतं."

"मला टेबल शिकवतो का? चांगलं चार बोटं उंच आहे."

मी फरशीची उंची पुन्हा पक्की केली. टेप लावून मोजलं. टेबल बरोबर होतं. मी तीनदा तपासून म्हटलं, "सर, बरोबर आहे हो." सरांनी हेडसेट काढला आणि भिंतीजवळ गेले. तिथे निशांतची उंची लहानपणी पेन्सिलने मांडलेली होती आणि सगळ्यांत वर सरांची एक रेघ. ते पाठ लावून उभे राहिले आणि काकूंना म्हणाले, "बघ गं." काकूंनी सरांचं डोकं आणि रेघ यांच्यामध्ये चार बोटं धरून दाखवली.

"म्हणजे मीच कमी झालो," सर म्हणाले. आणि हसून पुन्हा हेडसेट चढवला. काकू मात्र आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पुढे रोज सकाळ-संध्याकाळ सराव. उजव्या हातातला कंट्रोलर म्हणजे बॅट, डाव्यातला चेंडू उडवायला. आधी कॉम्प्युटरकडून हरले, मग जिंकायला लागले. काकू मला रस्त्यात भेटल्या की सांगायच्या, "अरे पंकज, रिकाम्या खोलीत एकटेच नाचतात रे! शेजारच्यांना वाटतं अंगात येतं." पण तोंडावर हसू असायचं.

शेवटी एका शनिवारी काकूंनीच फोनवर निशांतला सांगून टाकलं, "पप्पांना तुझ्याशी खेळायचंय म्हणे. ते डोळ्यांवरचं घेतलंय त्यांनी." पलीकडून आधी "पप्पांना?" एवढंच आलं. मग निशांत म्हणाला, "बरं. सहा वाजता."

सहाला मी हजर. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सरांना दिसतं ते मलाही दिसत होतं आणि निशांतचा आवाज स्पीकरवर येत होता. पडद्यावर एक हिरवं टेबल, पलीकडे नुसता एक मुखवटा आणि एक बॅट हवेत तरंगत. एवढाच निशांत. पण लहानपणच्या सवयीने त्याने बॅट दोनदा मांडीकडे आपटली आणि काकू एकदम म्हणाल्या, "अगं बाई, तोच आहे!"

"नमस्कार पप्पा."

"हां. सर्व्हिस तुझी."

काय खेळले दोघं! मी सवयीने बोटांवर स्कोर मोजायला लागलो. निशांत पहिले जरा हात राखून खेळत होता. सरांनी ओळखलं आणि खेकसले, "बरोबर खेळ!" मग तो खेळला. सर घामाने निथळत होते. खोलीत फक्त त्या खोट्या चेंडूची टकटक.

निशांतला जिंकायला एकच पॉइंट हवा होता. निशांतने नेटपाशी आखूड चेंडू टाकला. सर पुढे वाकले, मारला, आणि तोल सावरायला जन्मभर जे कोणाला करू दिलं नाही ते त्यांनी केलं. डावा हात टेबलावर टेकवला.

टेबल कुठे होतं तिथे? सर सरळ पुढे गेले आणि गुडघ्यांवर, मग कुशीवर, रांगोळीच्या फुलावर आडवे झाले. काकू ओरडल्या. मी धावलो. स्पीकरवर निशांत, "पप्पा! पप्पा! क्या हुआ? आई, काय झालं? बोल ना कोणीतरी!" तो रडकुंडीला आला होता.

सरांनी हात वर करून आम्हाला थांबवलं. उठून बसले. हेडसेट कपाळावर सरकवला. लागलं फारसं नव्हतं. दम खाल्ला आणि म्हणाले, "हात लागला. पॉइंट पलीकडे."

काकूंनी स्पीकरकडे वळून सांगितलं, "बरे आहेत रे."

मग निशांत हळूच म्हणाला, "पप्पा, टेबलच नाही तर हात लागेल कशाला? गेम तर पॉइंट तुम्हाला देऊ राह्यला. बघा स्कोर."

"गेमला काय कळतं? मी टेकवला. टेबल नव्हतं त्यात माझा काय मोठेपणा?"

निशांत हसला. म्हणजे हसायला लागला आणि ते मधेच तुटलं. म्हणाला, "पप्पा, मला तेव्हा खरंच कळलं नव्हतं. लागला का नाही लागला. मी खोटं नव्हतो बोलत."

"आज कळलं मला," सर म्हणाले. "कळत नाही रे ते. हात आपोआप जातो." त्यांनी तळहाताची रांगोळी पुसली. "मला दिसलं म्हणून सांगितलं, त्याचं मला काही नाही. पण नंतर मी तुझ्यामागे यायला पाहिजे होतं. मी तिथे विटा उचलत बसलो. तेवढं चुकलं माझं."

काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मीही काही शहाणा नव्हतो, भिंतीकडे तोंड करून वायरी बघत होतो.

मग काकूंनी डोळे पुसले आणि आतून केळं आणलं. सरांच्या हातात दिलं. सरांनी ते फरशीवर बसूनच सोललं आणि म्हणाले, "निशांत, मॅच तुझी. पण मोडतो मी." मोडलं, अर्धं तोंडात घातलं. उरलेलं अर्धं हातात धरून त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले, जिथे मघाशी टेबल होतं. मला ते बघवेना.

इतक्यात स्पीकरवर काहीतरी चुरचुरलं. साल सोलल्याचा आवाज असा मोठ्याने मी पहिल्यांदाच ऐकला. आणि मग निशांत भरल्या तोंडाने बोलला.

"मी पण आणून ठेवलं होतं, पप्पा. सकाळीच. इथली केळी काही खास नाहीत."

सर नुसती मान हलवत राहिले, जशी त्याला दिसतच होती.

"अर्धं खाल्लं," निशांत म्हणाला. "तुमचं अर्धं राहिलंय. घेऊन येतो."

"अरे, काळं पडेल ते इथे येईस्तोवर."

"पडू द्या. तुमच्याकडे माझं अर्धं पण पडेल ना. बसून खाऊ."